8 इंची दुर्बिणीतून नोव्हा-सुपरनोव्हाचा वर्णपट: स्फोटाच्या आधीची तयारी आणि स्फोटाच्या रात्रीचं काम

प्रश्न अमळनेरच्या एका महाविद्यालयातल्या शिक्षकांचा आहे. त्यांच्याकडे 8 इंची न्यूटोनियन दुर्बीण आहे (आरसा 200 मिमी, नाभीय अंतर 1200 मिमी), ट्रॅकिंगचं माउंट आहे आणि कूलिंग असलेला मोनो (काळा-पांढरा) कॅमेरा आहे, पिक्सेल 3.8 मायक्रॉनचा. नोव्हा (ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा भडका) किंवा सुपरनोव्हा (अख्ख्या ताऱ्याचा स्फोट) असे काही काळच टिकणारे स्फोट झाले, तर त्यांचा वर्णपट (प्रकाश रंगांत पसरवून मिळणारी पट्टी) या सामानात घेता येईल का, त्यासाठी काय करावं लागेल, आणि तो कुणाच्या कामाचा असेल का?

सर, घेता येईल, आणि कामाचाही असेल. फक्त मर्यादा आधी समजून घ्या. फोटोत ताऱ्याचा प्रकाश पंधरा-वीस पिक्सेलवर गोळा होतो. वर्णपटात तोच प्रकाश पाच-सातशे पिक्सेल लांब आणि चार-पाच पिक्सेल रुंद पट्टीवर पसरतो. हिशेबाने पाच ते सहा प्रतींचं नुकसान धरा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा फिकट). अंधाऱ्या जागेवरून तासाभराच्या एकूण एक्सपोजरमध्ये तुमच्या दुर्बिणीने साधारण 13व्या प्रतीपर्यंतच्या सुपरनोव्हाचा ओळखता येण्याजोगा वर्णपट मिळतो, शहराच्या गच्चीवरून 12व्या प्रतीच्या आसपास. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून होणारा किलोनोव्हा किंवा गॅमा किरण स्फोटानंतर मागे उरणारी चमक यांच्या वाटेला जाऊ नका. 17 ऑगस्ट 2017 च्या गुरुत्वीय लहरींनंतर एनजीसी 4993 या दीर्घिकेत जो किलोनोव्हा दिसला, तो सर्वांत तेजस्वी असतानाही 17व्या प्रतीच्या आसपास होता आणि काही दिवसांत निळ्याचा लाल होत विझला. त्याच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियमची खूण सापडली, पण ते काम मोठ्या दुर्बिणींचं. आपल्याकडे त्यासाठी हानलेची 2 मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण, देवस्थळची 3.6 मीटरची आणि जुन्नरजवळच्या गिरवलीची 2 मीटरची दुर्बीण आहे.

तुमच्या आवाक्यात येतात ते आपल्या आकाशगंगेतले नोव्हा आणि जवळच्या दीर्घिकांमधले सुपरनोव्हा. यांत खरी किंमत पहिल्या तीन-चार रात्रींची असते. एम 101 या दीर्घिकेतला एसएन 2023आयएक्सएफ हा सुपरनोव्हा आठवा. 19 मे 2023 ला कोइची इटागाकी यांना तो दिसला तेव्हा 15व्या प्रतीच्या आसपास होता, पुढच्या काही दिवसांत 11व्या प्रतीपर्यंत चढला. मरण्याआधी त्या ताऱ्याने स्वतःभोवती वायूचा दाट कोष सोडलेला होता. स्फोटाच्या झोताने तो कोष पेटला आणि वर्णपटात आयनीभूत हेलियम, कार्बन, नायट्रोजनच्या रेषा उमटल्या. आठवडाभरात स्फोटाचा मलबा कोषाला गिळून पुढे गेला आणि त्या रेषा नाहीशा झाल्या. दहाव्या रात्री कितीही सुंदर वर्णपट घेतला तरी ती माहिती परत मिळत नाही. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: मोजमापाची सगळी तयारी स्फोटाच्या आधी करून ठेवा, म्हणजे बातमी आली त्याच रात्री दुर्बीण वळवता येईल.

सुरुवात ग्रेटिंगपासून, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवणाऱ्या बारीक रेषांच्या काचेपासून. मिलिमीटरला 100 रेषांचं, सव्वा इंची फिल्टरच्या चुडीत बसणारं ब्लेझ्ड ग्रेटिंग घ्या, स्टार ॲनालायझर 100 सारखं. ब्लेझ्ड म्हणजे बहुतेक प्रकाश एकाच बाजूच्या पहिल्या वर्णपटात ढकलणारं. ते कॅमेऱ्याच्या नळीत पुढे बसतं. ग्रेटिंगपासून सेन्सरपर्यंतचं अंतर हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. एका पिक्सेलवर किती अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) पडतील याचं सूत्र सोपं आहे: एक लाख गुणिले पिक्सेलची रुंदी, भागिले हे अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. (एक लाख ही 100 रेषांच्या ग्रेटिंगमधल्या दोन रेषांमधली फट, अँगस्ट्रॉममध्ये.) तुमच्या 0.0038 मिमी पिक्सेलला 40 मिमी अंतरावर 9.5 अँगस्ट्रॉम येतात, 80 मिमीवर 4.75. वाटेल की 80 चांगलं. पण अंतर दुप्पट केलं की तोच प्रकाश दुप्पट पिक्सेलवर पसरतो आणि फिकट सुपरनोव्हा आकाशाच्या उजेडात बुडतो. सुपरनोव्हासाठी 40 ठेवा. तेजस्वी नोव्हासाठी 80 ची एक नळी वेगळी ठेवा, आणि प्रत्येक नळीचं कॅलिब्रेशन वेगळं लिहून ठेवा.

या पद्धतीत स्लिट, म्हणजे प्रकाश आत घेणारी बारीक फट, नसते. त्यामुळे रेषेची तीक्ष्णता ठरते ती ताऱ्याचा ठिपका किती लहान पडतो यावर. 3 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) ठिपका तुमच्या दुर्बिणीत 17 मायक्रॉनचा होतो, म्हणजे साडेचार पिक्सेल, म्हणजे 44 अँगस्ट्रॉम. हायड्रोजन अल्फा या 6563 अँगस्ट्रॉमच्या लाल रेषेजवळ हा सेकंदाला 2000 किमी वेग झाला. सुपरनोव्हाचा मलबा 10,000 किमीच्या घरात धावतो, त्यामुळे त्याला हे भरपूर आहे. नोव्हाला जेमतेम. आता खानदेशातला एप्रिल-मे घ्या. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, वरची हवा उकळल्यासारखी हलते आणि ठिपका 5 विकलांचा होतो. रेषा लगेच 70 अँगस्ट्रॉमच्या पुढे फुगते. फोटोत जे थोडं मऊ दिसलं असतं, ते इथे मोजमापच बिघडवतं. म्हणून उन्हाळ्यात गच्ची सोडा. पाणी दिलेल्या वावराच्या बांधावर किंवा गवतावर दुर्बीण लावा आणि महत्त्वाचं काम मध्यरात्रीनंतर ठेवा.

उन्हाळ्याची दुसरी अडचण कॅमेऱ्याची. असे कॅमेरे हवेपेक्षा साधारण 35 अंशांनी खाली जातात. भुसावळकडे मे महिन्यात रात्री दहाला हवाच 35 अंशांच्या आसपास असेल, तर उणे 10 चं लक्ष्य कधीच गाठलं जात नाही. कूलर पूर्ण जोर लावतो, तापमान वर-खाली होतं आणि डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट मोजणाऱ्या) जुळत नाहीत. उन्हाळ्यासाठी लक्ष्य अधिक 5 अंश ठेवा आणि त्याच तापमानाच्या डार्कचा वेगळा संच करून ठेवा. हिवाळ्यासाठी उणे 10 चा दुसरा. हिवाळ्यात उलटा त्रास: तापीकाठच्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पहाटे दव इतकं पडतं की न्यूटोनियनच्या दुय्यम आरशावर थर बसतो. वर्णपटाचा निळा भाग हळूहळू मरत जातो आणि निरीक्षक समजतो की तारा थंड होतोय. दुय्यम आरशामागे हीटरची पट्टी लावा आणि दर तासाला टॉर्चने आरसा तपासा.

आता फोकस आणि जुळणी. इथे बहुतेकांचं पहिलं वर्ष वाया जातं. फोकस ग्रेटिंगमधून सरळ आलेल्या मधल्या ठिपक्यावर, म्हणजे झीरो ऑर्डरवर करू नका. ग्रेटिंगमधून तिरका गेलेला वर्णपट किंचित वेगळ्या प्रतलात फोकस होतो. अभिजित घ्या, हिवाळ्यात व्याध घ्या. एक सेकंदाच्या आतलं एक्सपोजर लावा आणि पडद्यावर पट्टी मोठी करून बघा. निळ्या-हिरव्याच्या सांध्यावर 4861 अँगस्ट्रॉमला हायड्रोजन बीटाची काळी खाच दिसेल, तिच्या डावीकडे 4340 ची आणि मग जांभळ्याकडे आणखी दोन-तीन, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या जवळजवळ येत गेलेल्या. फोकसरचा चाक केसभर फिरवत राहा, जोवर बीटाची खाच सर्वांत खोल आणि अरुंद होते. त्या वेळी झीरो ऑर्डर थोडा फुगलेला दिसेल, तो तसाच राहू द्या. चाकाचा आकडा वहीत लिहा.

पट्टी सेन्सरच्या ओळींना समांतर हवी. सातशे पिक्सेलमध्ये दोन-तीन पिक्सेलपेक्षा जास्त तिरकी असेल, तर ग्रेटिंगच्या चुडीत कागदी वॉशर घालून ते किंचित फिरवा. सॉफ्टवेअरने पट्टी सरळ करता येते, पण तेव्हा शेजारच्या पिक्सेलची सरमिसळ होऊन खोट्या लाटा येतात. मग सगळा कॅमेरा असा फिरवा की वर्णपट उत्तर-दक्षिण पसरेल. माउंटची चूक बहुधा पूर्व-पश्चिम असते, त्यामुळे ती पट्टीला नुसती रुंद करेल, रेषा पुसणार नाही. एक अपवाद ठेवा: सुपरनोव्हा दीर्घिकेच्या भुजेत असेल, तर पट्टी दीर्घिकेच्या केंद्रावरून किंवा शेजारच्या ताऱ्यावरून जाणार नाही असा कोन आधी नकाशावर शोधा.

स्लिट नसल्याचा आणखी एक तोटा असतो. आकाशाचा उजेड रंगांत वेगळा होत नाही, प्रत्येक पिक्सेलवर सगळ्या रंगांचा एकत्र पडतो. एलईडी दिव्यांच्या शहरात हा थर जाड असतो. शक्य असेल तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याला पाल-यावलकडे, साक्रीच्या माळावर किंवा तोरणमाळच्या पठारावर जा. जंगल खात्याची हद्द असेल तर आधी परवानगी घ्या आणि रात्री अभयारण्याच्या आत शिरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात पऱ्हाट्या पेटवलेल्या असतात. तो धूर निळा प्रकाश खातो आणि क्षितिजाजवळ रंग पार बदलतो. अशा रात्री क्षितिजापासून 40 अंशांपेक्षा खाली असलेल्या ताऱ्यांवर काम करू नका.

बातमी आली की क्रम असा ठेवा. नव्या स्फोटांच्या जागतिक नोंदवहीतून, म्हणजे ट्रान्झियंट नेम सर्व्हरवरून, विषुवांश-क्रांती (आकाशातल्या जागेचे आकडे) घ्या, प्रत बघा आणि ती जागा तुमच्या अक्षांशावरून किती वर येते ते मोजा. उदाहरणार्थ, वसिष्ठ आणि मरीचि यांच्यासोबत त्रिकोण करणारी एम 101 खानदेशातून उत्तरेला 57 अंशांपर्यंत चढते, म्हणजे काम आरामात होतं. मग स्फोटाच्या जवळचा, जवळपास तितक्याच उंचीवरचा ए किंवा उशिराच्या बी वर्गाचा (तापलेला, निळा-पांढरा) संदर्भ तारा निवडा. उंचीतला फरक 5 अंशांच्या आत असावा. आधी संदर्भ तारा, मग स्फोट, मग पुन्हा संदर्भ तारा. संदर्भ ताऱ्याचे हे दोन वर्णपट जुळले नाहीत तर आकाश मधल्या वेळात बदललं आहे हे तिथेच कळतं.

एक्सपोजर: 11व्या प्रतीसाठी 60 सेकंदांच्या 40 फ्रेम, 13व्यासाठी 120 सेकंदांच्या 30 ते 40, आठव्यासाठी 60 सेकंदांच्या 20. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या नोव्हासाठी अर्धा-एक सेकंद, पण अशा शंभर फ्रेम, म्हणजे लुकलुक सरासरीत जाते. उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिॲलिस हा 1866 आणि 1946 साली भडकलेला पुनरावर्ती नोव्हा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढून आठवडाभरात साध्या डोळ्यांआड होतो. त्यासाठी हाच आकडा तयार ठेवा. नोव्हात एक फसगत नेहमी होते: सलग प्रकाश मर्यादेत असतो आणि हायड्रोजन अल्फाची रेषा मात्र त्याच्या कितीतरी पट उंच जाऊन सेन्सर भरून टाकते. वरून सपाट झालेली रेषा मोजायला निरुपयोगी आहे. 65,535 च्या मापात शिखर 45,000 च्या खाली आहे ना ते बघा, आणि अल्फासाठी एक छोट्या एक्सपोजरचा वेगळा संच घ्या.

अर्ध्या फ्रेम झाल्या की दुर्बीण वर्णपटाच्या दिशेने 30 पिक्सेल सरकवा. हे अजिबात विसरू नका. खानदेशच्या धुळीत सेन्सरच्या काचेवर कण बसतोच आणि त्याची सावली हुबेहूब शोषणरेषेसारखी दिसते. सरकवल्यावर खाच त्याच पिक्सेलवर राहिली तर धूळ, वर्णपटाबरोबर सरकली तर ताऱ्याची. स्लिटशिवायच्या पद्धतीत फ्लॅट फ्रेमवर (डाग काढण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेल्या फोटोवर) मी भरवसा ठेवत नाही, कारण एकाच पिक्सेलवर दर वेळी वेगळा रंग पडतो. काच स्वच्छ ठेवणं आणि असं सरकवणं जास्त खात्रीचं.

पावसाळ्याचं काय? जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक रात्री जातात आणि स्फोट काही ऋतू बघून होत नाहीत. आरएस ऑफियुकी हा नोव्हा 8 ऑगस्ट 2021 ला भडकला आणि साडेचारच्या प्रतीवर गेला. इतक्या तेजस्वी स्फोटाला ढगांतली 20 मिनिटांची फटही पुरते, पण फोकसचा आकडा वहीत असेल आणि डार्कचा संच तयार असेल तरच.

प्रक्रियेत दोन कामं महत्त्वाची आहेत. पहिलं, तरंगलांबी. झीरो ऑर्डर म्हणजे शून्य अँगस्ट्रॉम. संदर्भ ताऱ्यातल्या 4340, 4861 आणि 6563 च्या हायड्रोजन रेषा आणि आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा 7600 जवळचा पट्टा, असे चार-पाच बिंदू घेऊन दुसऱ्या घाताचं समीकरण बसवा. नुसता शून्य आणि एक रेषा धरली तर टोकांना चूक वाढते. सुपरनोव्हाचा झीरो ऑर्डर दीर्घिकेच्या उजेडात बुडाला असेल, तर त्याच फ्रेममधल्या शेजारच्या ताऱ्यापासूनचं अंतर साध्या फोटोत मोजून त्याची जागा ठरवा. दुसरं, दुर्बीण-कॅमेऱ्याचा स्वभाव काढून टाकणं. संदर्भ ताऱ्याच्या मोजलेल्या वर्णपटाला त्याच वर्गाच्या प्रमाण वर्णपटाने भागा, हायड्रोजनच्या आणि हवेच्या खाचांवरून हलक्या हाताने सलग रेघ ओढा, आणि त्या रेघेने स्फोटाच्या वर्णपटाला भागा. रेघ फार वळणावळणाची ओढली, तर संदर्भ ताऱ्याच्या खाचा उलट्या होऊन सुपरनोव्हात उत्सर्जनरेषा म्हणून उगवतात. यासाठी आरस्पेक, बास किंवा आयसिस यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. 7600 च्या पुढे ग्रेटिंगनेच बनवलेल्या दुसऱ्या, जास्त पसरलेल्या वर्णपटाचा निळा प्रकाश येऊन मिसळतो, तेव्हा निळ्या स्फोटांत तिथलं काही मोजू नका.

आता वाचन. सुपरनोव्हात 6150 च्या आसपास रुंद, खोल खाच दिसली आणि हायड्रोजन नसला, तर तो वन-ए वर्गाचा, म्हणजे पांढऱ्या खुज्याचा (विझलेल्या ताऱ्याच्या आटलेल्या गाभ्याचा) स्फोट. ही सिलिकॉनची 6355 ची रेषा, आपल्याकडे येणाऱ्या मलब्यामुळे निळीकडे सरकलेली. 205 भागिले 6355, गुणिले प्रकाशाचा वेग 3 लाख: सेकंदाला सुमारे 9,700 किमी. आधी दीर्घिकेचा स्वतःचा लाल सरक (दूर जाण्यामुळे रेषांचं लालकडे सरकणं) वजा करायला विसरू नका. रुंद हायड्रोजन अल्फा असेल तर दुसरा वर्ग, म्हणजे महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळलेला. हायड्रोजन आणि सिलिकॉन दोन्ही नाहीत पण 5876 जवळ हेलियम आहे, तर वन-बी. नोव्हात शिखराच्या आसपास प्रत्येक हायड्रोजन रेषेला निळ्या बाजूने खाच चिकटलेली असते. उत्सर्जन सगळ्या कवचाचं, खाच फक्त आपल्या आणि ताऱ्याच्या मधे आलेल्या वायूची. तिला पी सिग्नी आकार म्हणतात. खाचेचं अंतर रोज मोजलं तर वायूचा वेग कसा बदलतो ते दिसतं, आणि अनेक नोव्हांत ती थोड्याच दिवसांत विरते.

जे सामान दाखवू शकत नाही, ते लिहू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सुपरनोव्हात अरुंद हायड्रोजन अल्फा सापडल्याचं जाहीर करणं. दीर्घिकेच्या भुजेतला साधा तेजोमेघ तीच रेषा देतो. पट्टीच्या वर-खाली आकाश वजा करताना तिथेही ती रेषा आहे का ते बघा. रुंदी मोजताना यंत्राची रुंदी वर्गांच्या वजाबाकीचं वर्गमूळ घेऊन काढून टाका: मोजलेली 60, यंत्राची 44, तर खरी 41 अँगस्ट्रॉम, सेकंदाला 1900 किमीच्या आत. तसंच एसएन 2023आयएक्सएफ सारख्या स्फोटात नायट्रोजनची 4640 आणि हेलियमची 4686 तुमच्याकडे एकच उंचवटा होऊन दिसेल. '4640 ते 4690 दरम्यान उंचवटा' एवढंच लिहा. तो कुठल्या रात्री होता आणि कुठल्या रात्री गेला, ही नोंद संशोधकाला हवी असते. रेषा वेगळ्या पाहणं स्लिटच्या अल्पी 600 सारख्या वर्णपटमापकाचं काम. त्याची पृथक्करणक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद) 600 च्या घरात आहे, तुमची 150. तो पुढच्या टप्प्यावर घ्या, पहिल्या वर्षी नको.

कामाचा असेल का, याचं उत्तर रेखांशात आहे. खानदेश 75 अंश पूर्वेला आहे. आपल्याकडे अंधार पडतो तेव्हा युरोपात दुपार असते, अमेरिकेत सकाळ किंवा पहाट. तासागणिक बदलणाऱ्या स्फोटात जपान-ऑस्ट्रेलिया आणि कॅनरी बेटांच्या मधली फट भारतातून भरून निघते, आणि हानलेच्या मोठ्या दुर्बिणी प्रत्येक नोव्हाला रात्रभर देऊ शकत नाहीत. वर्णपट एएव्हीएसओ या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या वर्णपट संग्रहात किंवा हौशी निरीक्षकांच्या अरास गटाकडे द्या.

देताना फाइलच्या शीर्षात वेळ जागतिक वेळेत आणि एक्सपोजरच्या मध्याची लिहा. आपली पहाटेची 2 ची वेळ म्हणजे आदल्या तारखेचे 20:30. तारीख बदलायची राहिली, की तुमचा वर्णपट स्फोटानंतर एक दिवस उशिराचा ठरतो. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून त्या रात्रीच लावून घ्या. दुर्बिणीचा व्यास, ग्रेटिंगचं अंतर, मोजलेली पृथक्करणक्षमता, संदर्भ ताऱ्याचं नाव आणि त्याची उंची हे सगळं शीर्षात हवं. प्रक्रिया न केलेल्या मूळ फ्रेम, डार्क आणि संदर्भ ताऱ्याच्या दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये तारखेने जपून ठेवा. कुणाला एखाद्या उंचवट्याबद्दल शंका आली, तर त्या मूळ फ्रेमवरून तो पुन्हा काढून बघता येतो.